घरकुल मंजूर झालं, आता धाबं पाडायचं का?

बोरीकाठ | ६ मार्च २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे आणि थोडं मन मोकळंही करायचं आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मावशी अमळनेर तालुक्यातल्या एका लहानशा गावात एकटी राहते. सत्तरी ओलांडलीये. मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, सुरतला साडी मार्केटात, महिना-दोन महिन्यांनी चक्कर मारतो. घर जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या कड्या, वर पांढरी माती, पुढे ओटा. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मागचा निम्मा भाग बसला. तेव्हा भावाने घाईघाईत तिथे विटांच्या भिंती उभ्या केल्या आणि लोखंडी पत्रे टाकले. गॅस, भांडी, पाण्याचे पिंप, सगळं तिकडेच. म्हणजे सध्या एका घराची दोन घरं झालीत आणि मधला उंबरठा ओलांडला की हवामान बदलतं.

गेल्या मे महिन्यात मी दुपारी गेलो होतो. लाईट गेल्यावर हाताशी असावी म्हणून मावशीने पत्र्याच्या खोलीतल्या फळीवर मेणबत्ती ठेवलेली असते. ती कमरेत वाकून फळीवरून खाली डोकावत होती. त्याच पुड्यातली दुसरी मेणबत्ती धाब्यातल्या कोनाड्यात ताठ उभी. आम्ही हसलो. त्याच आठवड्यात भाकरी टाकताना मावशीला भोवळ आली. शेजारीण वाटी मागायला आली होती म्हणून लगेच कळलं. दोन सलाईन लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं, ऊन लागलं. मावशी म्हणाली, मी तर घरातच होते.

यंदा तिचं नाव प्रधानमंत्री आवासच्या यादीत आलं. १,२०,००० रुपये, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी वेगळी, शौचालयाचे १२,००० वेगळे. पहिला १५,००० चा हप्ता जमाही झाला. भावाचं म्हणणं, जुनं सगळं पाडू, पत्र्याच्या दोन खोल्या काढू, पैशात बसतं. मावशीचं म्हणणं, "माले त्या पत्राखाल मारशात का रे?"

तर धाबं ठेवावं की पाडावं? छत कसलं करावं? आणि घरकुलाचा हिशोब करताना दवाखान्याचा खर्च कोणी धरतं का?

भरीतपार्टी | ६ मार्च, रात्री १०:०५

धाबं पाडू नका. पत्रानं घर म्हंजे उन्हायामा भट्टी शे भाऊ. भरीतना वांगा बी भाजाई जातीन.

निवृत्त_ओव्हरसियर | ७ मार्च, सकाळी ७:१५

धाब्याचं कौतुक करणारे बहुतेक लोक स्लॅबखाली राहतात असा माझा अनुभव आहे. राग मानू नका भरीतपार्टी.

धाबं थंड असतं, वादच नाही. मातीचा जाड थर दुपारचं ऊन आत पोहोचू देत नाही, पोहोचेपर्यंत रात्र होते. पण ते दरवर्षी माणूस मागतं. मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकायची, चोपायची, पन्हाळीकडे उतार धरायचा, उगवलेलं गवत उपटायचं. हे करणारे हात आता सुरतला आहेत. एक वर्ष चुकलं की पाणी मुरतं, कडीचं भिंतीतलं टोक कुजतं, वरून काही दिसत नाही आणि एके रात्री वजनासकट सगळं खाली. मी नोकरीत असताना अशा तीन पंचनाम्यांना गेलो आहे. त्यातला एक अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

बोरीकाठ, तुम्ही एक करा. उरलेल्या निम्म्या धाब्यात प्रत्येक कडी जिथे भिंतीत शिरते तिथे पेचकस खुपसून बघा. टणक लागला तर ठीक. बोटभर आत गेला तर मावशीला आजपासून ओट्यावर झोपवा, बाकी चर्चा नंतर.

आता पैशांचं. योजनेत घर किमान २५ चौरस मीटर हवं, म्हणजे २६९ चौरस फूट. आमच्याकडे गवंडी आज मालासकट फुटाला १,५०० सांगतो. साधं, प्लास्टर आतून, बाहेरून नाही. झाले ४,०३,५००. मिळणार किती? १,२०,००० अधिक मजुरी २९७ रोजाने ९० दिवसांची २६,७३० अधिक शौचालयाचे १२,०००. बेरीज १,५८,७३०. उरलेला खड्डा अडीच लाखांच्या घरात. तो भरता येत नाही म्हणून लोक पत्र्यावर येतात, हौस म्हणून नाही. आणि पत्र्यावर आले की पुढची काटछाट खिडकीवर. हप्त्यासाठी टप्प्याटप्प्याचे फोटो जातात, त्यात जोतं दिसतं, भिंत दिसते, छत दिसतं. मागच्या भिंतीला खिडकी आहे का, हे फोटोत कोणी शोधत नाही. समोरासमोर दोन खिडक्या नसतील तर घरात वारा शिरतच नाही. एका बाजूची खिडकी म्हणजे बूच लावलेली बाटली.

उंबरठा | ७ मार्च, दुपारी ३:३०

मी यावल तालुक्यात आशा म्हणून काम करते, अकरा वर्षं झाली. ओव्हरसियर दादांनी घर बाहेरून सांगितलं, मी आतून सांगते.

दवाखान्यात बाळंतपण झालं की ४२ दिवसांत आम्हाला घरी सहा भेटी द्याव्या लागतात. मागच्या वैशाखात एका घरी सातव्या दिवसाची भेट होती. पत्र्याची एक खोली, बाळ फलानीनच्या दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्याला टोपरं, दार बंद, कारण बाळंतिणीला वारा लागू नये. थर्मामीटर लावला तर बाळाला ताप. नवजात बाळाचा ताप म्हणजे आम्हाला घाम फुटतो, ताबडतोब पाठवायचं असतं. मी गाडीला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत बाळाला बाहेर कडुलिंबाखाली आणलं, टोपरं काढलं, दुपटं सैल केलं, आईला म्हटलं पाज. गाडी आली तोवर ताप उतरलेला होता. तरीही पाठवलंच, तपासून सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाल्या, बरं केलं पाठवलंत, आता परत त्याच खोलीत नेऊ नका. मग कुठे नेऊ? पंधरा दिवस ते बाळ दिवसा आजोळच्या धाब्यात आणि रात्री आपल्या घरी असं राहिलं. आजोळ त्याच गल्लीत होतं म्हणून जमलं.

दुसरी गोष्ट कूलरची. आपल्याकडे मार्चपासून कूलर लागतात. पत्र्याचं घर असलं की कूलरशिवाय जीव राहत नाही, आणि कूलर म्हटला की पाणी. नळाला पाणी रोज नाही, म्हणून पिंप, टाक्या, हंडे, सगळं भरून ठेवायचं. डेंग्यूचा डास गटारात नाही, याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. कूलरच्या टाकीत टॉर्च मारा, अळ्या वरखाली नाचताना दिसतील. आम्ही सांगतो, आठवड्याला एक दिवस सगळं कोरडं करा. बाई म्हणते, "ताई, पाणी परत कधी येईल ते तुम्ही सांगता का?" मला उत्तर येत नाही. मी अळ्या खाणारे गप्पी मासे देते.

तर माझ्या वहीत एक साखळी आहे. छत तापलं म्हणून कूलर आला, कूलर आला म्हणून पाणी साठलं, पाणी साठलं म्हणून डास आला. वर लाईट बिल. फवारणीवाला शेवटच्या कडीवर येतो, पहिल्या कडीवर कोणी येत नाही.

बोरीकाठ दादा, मावशीचा स्वयंपाक आधी पत्र्यातून बाहेर काढा. घरकुल होईल तेव्हा होईल.

भरीतपार्टी | ७ मार्च, दुपारी ४:१०

उंबरठा ताई, दंडवत.

अकरा_महिने | ७ मार्च, रात्री ११:२०

धाबं की स्लॅब हे वाचून थोडं हसू आलं, थोडा हेवा वाटला. मी जळगावात चटई कारखान्यात हिशोबाला आहे. आमच्या डोक्यावरचं छत अकरा-अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर असतं.

सात वर्षांत पाचवी खोली. पगाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त भाड्यात जातो आणि त्यात मिळते दहा बाय बाराची एक खोली. तिसऱ्या खोलीला खिडकी होती, पण ती जिन्यात उघडायची. त्याच खोलीत बायकोचा खोकला सुरू झाला. दोन महिने घरगुती काढे, मग थुंकी तपासली, टीबी. सरकारी औषधं फुकट आहेत, सहा महिने घ्यायची, महिन्याला पोषणाचे पैसेही खात्यात येतात (पूर्वी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले). उपचाराबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरगा तेव्हा चार वर्षांचा, त्यालाही खबरदारीची औषधं दिली.

तिसऱ्या महिन्यात घरमालकाला कळलं. चांगला माणूस होता, आरडाओरडा काही नाही. फक्त म्हणाला, करार संपतोय, पुढे बघून घ्या. औषधाचं केंद्र बदललं, अंगणवाडी बदलली. बायको त्या दिवसांत औषधापेक्षा जास्त एकाच गोष्टीला घाबरायची, खोकला बाहेर ऐकू जाईल याला. उशीत तोंड खुपसून खोकायची. हे आजारपणात धरायचं की घरात, तुम्ही सांगा.

आता ती बरी आहे. सध्याच्या खोलीला खरी खिडकी आहे, दोनशे रुपये भाडं त्यापायी जास्त देतो.

शहरातही योजना आहे, स्वतःची जागा असेल तर केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. "स्वतःची जागा असेल तर", या चार शब्दांत आमचा विषय संपतो.

खानदेशी_ठसका | ८ मार्च, सकाळी ८:५०

जळगावकरांसमोर "घरकुल" शब्द जपून वापरा. नगरपालिकेच्या काळातली घरकुल योजना, तिच्यात घोटाळा, २०१९ साली धुळ्याच्या न्यायालयात निकाल, बडे बडे आत. तेव्हाची अर्धवट बांधलेली घरं आम्ही शाळेत जाताना बघत मोठे झालो. कोणी कोणी काय काय खाल्लं याची यादी माझ्याकडे

संपादक मंडळ | ८ मार्च, सकाळी ९:२०

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. त्या प्रकरणावर जुने तीन धागे आहेत, तिथे भांडा. इथे छताबद्दल बोला.

स्टेथो_भुसावळ | ८ मार्च, दुपारी २:००

अकरा_महिने, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्हीकडे धरायचं. टीबीचे जंतू हवेतून पसरतात. कोंदट अंधाऱ्या खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात, वारा खेळता असला की विरळ होतात, ऊन त्यांना मारतं. मुंबईत मानखुर्द-गोवंडीकडे झोपडपट्टीतून हलवलेल्या लोकांसाठी इमारती बांधल्या, एकमेकींना खेटून. २०१८ मध्ये डॉक्टर आणि आयआयटीच्या लोकांनी त्यांची पाहणी केली, तेव्हा खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन-वारा पोहोचतच नाही, तिथे टीबी जास्त दिसला. घरं पक्की, नळ, संडास, सगळं नियमात. दोन इमारतींमधलं अंतर तेवढं विसरले.

उलट उदाहरणही आहे. मेक्सिकोत २००० च्या सुमारास एका राज्याने गरिबांच्या घरातली मातीची जमीन सिमेंटची करून द्यायला घेतली. बाकी काही नाही, फक्त जमीन, पन्नास चौरस मीटरपर्यंत. नंतर शेजारच्या राज्यातल्या तशाच वस्त्यांशी तुलना केली. मुलांच्या पोटातले जंत, जुलाब, रक्तक्षय तिन्ही कमी झालेले. आणि आयांमध्ये उदासपणा, ताण कमी. मी एमबीबीएसला जंतांची औषधं पाठ केली, फरशीचा धडा नव्हता.

आपल्याकडे फरशीचा आणखी एक फायदा आहे. मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. भिंतीतली बिळं बुजवणं आणि खाट, एवढ्याने बरेच जीव वाचतात.

पण घरात बसून ऊन लागलं हे जे मावशी म्हणाली ना, ते मी दर मे महिन्यात ऐकतो. भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वर्तमानपत्रात सूचना येते, "दुपारी घराबाहेर पडू नका". पत्र्याच्या घरातल्या माणसाने ही सूचना पाळली तर त्याचं नुकसानच होईल. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते, बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. त्यांना दुपारी झाडाखाली बसवणं जास्त शहाणपणाचं.

अहमदाबादने २०१० च्या मे मधली ती भयंकर लाट पाहिली आणि २०१३ मध्ये शहराचा उष्णतेचा आराखडा केला. त्यात पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी रंगवायचं काम आलं. चुना, ब्रश, दोन माणसं. आपल्या आज्या धाब्यावर पांढरी माती टाकत होत्या त्यात आणि यात मला फार फरक दिसत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर | ८ मार्च, सायंकाळी ६:४०

डॉक्टर, एक भर घालतो. स्लॅबलाही भुलू नका. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत ते खाली सोडत बसतो. म्हणून आपल्याकडे स्लॅबची घरं असलेले लोक गच्चीवर पाणी मारून बाजा टाकतात. बाज चढवायला जिना लागतो, आणि जिना २६९ फुटांत बसत नाही. पांढरा चुना स्लॅबलाही लागतो. उंची दहा फूट घ्या, साडेआठवर आणू नका, तिथे वाचवलेले पैसे कूलरला जातात.

सातपुडा_पोर | ९ मार्च, रात्री ८:१५

धडगावकडून लिहितेय. आमच्याकडे डोंगराळ भाग म्हणून १,३०,००० आणि ९५ दिवस.

आमचं जुनं घर म्हणजे बांबूचा कूड, शेणमातीने लिंपलेला, वर कौलं. आत माणसं, बैल, कोंबड्या, मक्याची कणगी, मोहाची फुलं, सगळं एका छताखाली. शहरातले पाहुणे म्हणतात अनारोग्य. खरं आहे, गुरं आत नकोत, चुलीचा धूर डोळ्यांत जातो, आजी त्यानेच आंधळी झाली असं आई म्हणते. पण घरकुल आलं २५ चौरस मीटरचं. त्यात कणगी ठेवली तर माणसं कुठे आणि माणसं ठेवली तर बैल कुठे? आमच्या पाड्यावर सात घरकुलं झालीत. त्यातल्या चारांत धान्य आणि शेळ्या आहेत, माणसं शेजारच्या कुडाच्या घरात झोपतात. तपासणीला साहेब येणार असले की शेळ्या बाहेर, आम्ही आत.

आणि दिवाळीनंतर अर्धा पाडा गुजरातेत ऊसतोडीला. सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, पोरांसकट. आरोग्याचं बघायचं तर त्या कोपीचं कोण बघतं? ती कोणत्याच गावच्या यादीत नाही.

माझ्या काकाने मात्र घरकुल चांगलं बांधलं. कुडाच्या घराला लागूनच, मध्ये दार. स्वयंपाक आणि झोपायला नवं घर, गुरं-धान्य जुन्यात. काकू म्हणते, धुराची खोकली गेली. मला वाटतं मावशीचं उत्तर यात आहे.

तालुक्याचा_माणूस | १० मार्च, सकाळी १०:००

स्लॅबच्या मागे लागून कर्ज काढू नका एवढंच सांगतो. आमच्या जिभाऊंनी काढलं. बचत गटाचं थोडं, एका ओळखीच्याचं टक्क्याने. घर झकास झालं, वास्तूला अख्खं गाव जेवलं. त्यानंतर त्यांनी शुगरची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली, आम्हाला न सांगता. पायाला जखम झाली तेव्हा कळलं. बोट काढावं लागलं.

बोरीकाठ | १० मार्च, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

रविवारी गावी गेलो, पेचकस घेऊन. आठ कड्या. सहा टणक, दोन मागच्या बाजूच्या भुसभुशीत, म्हणजे जिथे धाबं बसलं त्या कडेच्याच. मावशी खाली उभी राहून, "जपजो रे, ती तुन्हा आजानी लायेल शे," करत होती. गावातल्या जुन्या सुताराने बघितलं, म्हणाला दोन कड्या बदलता येतील, मागच्या पडक्या भागातली दोन चांगली लाकडं अजून पडून आहेत.

भाऊ फोनवर ऐकायला तयार नाही. त्याला वाटतं गावातल्या सगळ्यांनी पाडून नवं केलं, आपणच मातीत राहिलो तर लोक काय म्हणतील. हेही खोटं नाही. त्याच्या मुलीच्या सोयरिकीचं बघताहेत, पाहुणे आधी घर बघतात.

उंबरठा | १० मार्च, रात्री १०:१०

भावाला उन्हाळ्यात चार दिवस राहायला बोलवा. पत्र्यात झोपवा.

अकरा_महिने | ११ मार्च, सकाळी ७:००

ओटा मात्र मोडू नका, काहीही केलं तरी. आमच्या शहराच्या टोकाला ज्या नव्या स्वस्त इमारती झाल्यात तिथे माझा एक मित्र राहायला गेला. फ्लॅट छान, खिडक्या दोन. त्याची आई चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. सहा महिन्यांत ती बोलायची कमी झाली. जुन्या चाळीत ती सकाळी दारात बसून निवडत-पाखडत असायची, येणारा-जाणारा विचारायचा. आता टीव्ही. भाजी आणायला रिक्षाचे तीस रुपये, म्हणून मित्र कामावरून येताना आणतो. तेवढंही निमित्त गेलं तिचं. तुमच्या मावशीला भोवळ आली तेव्हा शेजारीण वाटी मागायला आली होती, हे तुम्हीच लिहिलंय.

बोरीकाठ | २९ एप्रिल, रात्री ९:००

धागा वर काढतोय. थोडी प्रगती.

या महिन्यात राज्याने घरकुलाला ५०,००० वाढवलेत, त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावरच्या सौर पॅनेलला. शिवाय पाच ब्रास वाळू फुकट असं जाहीर झालंय. वाळूचं म्हणाल तर अजून ट्रॅक्टर काही आमच्या बोळात शिरलेला नाही.

भाऊ अक्षय्य तृतीयेला, म्हणजे उद्याच्या सणासाठी, परवाच आला. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळी माहेरी, झोके, पुरणपोळ्या, घर भरलेलं. उंबरठा ताईंचा सल्ला मी मुद्दाम पाळला नाही, पण घरच भरलेलं असल्याने त्याच्या वाट्याला आपोआप पत्रा आला. काल रात्री दोन वाजता उशी घेऊन धाब्यात आला आणि भाच्याच्या पायाशी आडवा झाला. सकाळी काही बोलला नाही. चहा पिताना म्हणाला, "मागचं पाडू. पुढचं राहू दे."

निवृत्त_ओव्हरसियर | २९ एप्रिल, रात्री ९:४५

ग्रामसेवकाला आधी भेटा. जागेचा जो फोटो गेला आहे तिथेच बांधकाम दिसायला हवं, नाहीतर दुसरा हप्ता अडकेल. पत्र्याच्या खोलीची जागा दाखवली असेल तर सोपं आहे.

बोरीकाठ | २९ एप्रिल, रात्री १०:००

नशिबाने तीच दाखवली आहे.

बोरीकाठ | १५ जून, सायंकाळी ५:२०

स्लॅब पडला. मागे २५ चौरस मीटर, दहा फूट उंची, समोरासमोर दोन खिडक्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर वेगळी जाळी. बोळातून वारा थेट आत येतो. खालची फरशी अजून बाकी आहे, सध्या कोबा. पैसे कसे जमले ते थोडक्यात: भावाने स्कूटर विकली, मी थोडे घातले, मावशीने कापसाचे राखून ठेवलेले काढले. टक्क्याचं कर्ज नाही. बाहेरचं प्लास्टर पुढच्या वर्षी.

पुढचं धाबं राहिलं. दोन कड्या बदलल्या, पांढरी माती गावच्या पांढरीतूनच आणली. मृग लागायच्या आदल्या दिवशी भाऊ स्वतः चोपायला वर चढला होता. त्याला येत नव्हतं, मावशी खालून शिव्या घालत शिकवत होती.

एक प्रश्न उरला. स्लॅबवर चुना मारायचा आहे, पण पाऊस तोंडावर आला. आता मारू की दिवाळीनंतर? आणि चुन्यात काय मिसळतात, धुऊन जाऊ नये म्हणून?

निवृत्त_ओव्हरसियर | १५ जून, सायंकाळी ६:३०

आता नको. स्लॅबला पाणी पिऊ द्या, पाऊस फुकट क्युरिंग करतोय. होळीच्या आसपास मारा. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवून ठेवा, फडक्याने गाळा, त्यात फेविकॉल टाका. दोन हात, दुसरा हात पहिल्याच्या आडवा. भिजवताना डोळे सांभाळा, उकळतो तो.

भरीतपार्टी | १५ जून, सायंकाळी ६:५०

वास्तुले बलावशात ना? वांगा मी लयसू.